जिरे चिरणारा माणूस

आमच्या शाळेत दरवर्षी 'काटकसरीचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहून घेण्याचा प्रघात आहे, आणि दरवर्षी निदान पाच-सहा विद्यार्थी आपल्या वहीत 'करकसर' असे लिहितात. तांबड्या शाईने मी त्यातील 'कर' खोडतो आणि वर 'काट' लिहितो. नियमाप्रमाणे हे करणे भागच आहे. परंतु मनातून मला त्या मुलांचे कौतुकच वाटते. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी अशा तीन भाषांतून ज्याचा दिवस जातो, त्याच्या लेखणीतून उधना स्टेशनाजवळचा शब्द जळगावच्या शब्दाच्या जागी येऊन बसला, तर त्यात नवल ते काय? शिवाय तो शब्द काही परका नव्हे. मराठी काटकसर आणि गुजराती करकसर ही सख्खी भावंडे आहेत. दोघांच्याही पोटात 'कसर' आहे.

या 'कसर' शब्दाची मौज पाहण्यासारखी आहे. तो अरबीतून आपल्याकडे आला. तेथे त्याचा अर्थ मोडणे, तुकडा, अपूर्णांक असा आहे. आपण त्याला घरात घेतले आणि त्याच्याकडून नाना कामे करवून घेतली. प्रयत्नात कसर राहू नये असे आपण म्हणतो. ताप उतरला तरी अंगात कसर आहे असे आजी म्हणते. व्यापारी मागच्या वर्षीची कसर यंदा भरून काढतो. सर्वत्र अर्थ एकच, काहीतरी उणे आहे. लोकरीच्या कपड्यांना लागते ती कसर वेगळी, ती कीड. पण कापडाच्या या शहरात दोन्ही कसरींची भीती सारखीच. आता या उणेपणाच्या आधी 'काट' जोडा. काटणे म्हणजे कापणे. काटकसर म्हणजे कापणे आणि उणे करणे. म्हणजे ज्या गुणाचे महत्त्व आम्ही मुलांना दरवर्षी पटवून देतो, त्याचे नावच कात्री आणि तूट यांनी बनलेले आहे!

इंग्रजांनी मात्र याच गुणाला निराळ्या बाजूने पाहिले. त्यांचा 'थ्रिफ्ट' हा शब्द 'थ्राइव्ह' या क्रियापदाशी संबंधित आहे. थ्राइव्ह म्हणजे वाढणे, भरभराटणे, रोपटे जोम धरते तसे जोम धरणे. उत्तरेकडील नॉर्स भाषेतून हे शब्द इंग्रजीत आले, आणि आरंभी थ्रिफ्ट म्हणजे बचत नव्हे, तर सुबत्ता असाच अर्थ होता. पुढे ज्या सवयीने सुबत्ता येते त्या सवयीलाच ते नाव मिळाले. म्हणूनच उधळ्या माणसाला त्यांनी 'स्पेंडथ्रिफ्ट' म्हटले, म्हणजे साठलेली सुबत्ता खर्चून टाकणारा. आम्ही कापणाऱ्या कात्रीकडे पाहिले, त्यांनी उगवणाऱ्या पिकाकडे. दोन्ही दृष्टी खऱ्या आहेत. मात्र काटकसर करणाऱ्याला त्या क्षणी कात्रीच दिसते, पीक दिसते ते शेजाऱ्याला, आणि तेही बऱ्याच वर्षांनी.

खर्चाच्या शब्दांकडे वळले की दृश्य एकदम पालटते. तेथे सगळीकडे हालचाल आहे, पाय फुटलेले आहेत. 'खर्च' हा शब्दही मूळ अरबी, आणि त्याच्या मुळाशी 'बाहेर जाणे' ही कल्पना आहे. संस्कृतातील 'व्यय' म्हणजेही निघून जाणे. व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की 'अव्यय' म्हणजे ज्याचा व्यय होत नाही असा शब्द. लिंग बदला, वचन बदला, विभक्ती लावून पाहा, तो आपल्या पदरचे एक अक्षरही खर्च करीत नाही. मराठी व्याकरणाचा पाया घालणाऱ्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी आपले व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे काही वर्षे ते याच सुरतेत इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली येथे दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे सहकारी यांनी जी मानवधर्मसभा स्थापली, तिच्यात दादोबांचाही पुढाकार होता. तेव्हा सुरतेत बसून मराठी अव्ययांचा विचार करणारा मी काही पहिला नव्हे.

इंग्रजी 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' हा शब्दही प्रवासीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बाहेर भटकणारा. शेक्सपिअरने 'हॅम्लेट' नाटकात तो शब्द रात्री भटकणाऱ्या पिशाच्चांच्या संदर्भात वापरला आहे, पैशाचा तेथे संबंधही नाही. मर्यादेच्या बाहेर भटकणारा तो एक्स्ट्रॅव्हॅगंट. मग ते पिशाच्च असो, विचार असो वा पैसा असो. 'प्रॉडिगल' या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी गुरे हाकून लावावीत तसे हाकून लावणे आहे. 'लॅव्हिश' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील मुसळधार पावसाच्या शब्दापासून आला. आमच्या मराठीत हे सारे काम एकटे 'उधळणे' करते. गुलाल उधळतात, बैल उधळतो आणि पैसाही उधळला जातो. या तिन्हींत साम्य एवढेच की एकदा उधळले की परत गोळा करता येत नाही. निदान बैल तरी संध्याकाळी गोठ्यात परत येतो!

गुजरातीने मात्र जमीन सोडून आकाश गाठले. उधळ्या माणसाला गुजराती 'उडाऊ' म्हणतो. आपल्याकडेही हा शब्द आहे, पण त्याची खरी शोभा सुरतेत. उत्तरायणाच्या दिवशी येथील गच्च्यांवर उभे राहून ज्याने पतंग पाहिले असतील त्याला 'उडाऊ' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही. सुरती मांजा, शेकडो पतंग, त्यांतील निम्मे दुपारपर्यंत कापलेले, आणि कापले जाताना खालून उठणारा आनंदाचा गलका! स्वतःचा पतंग गेला तरी माणूस हसतो, हे मी येथेच पाहिले.

या शब्दांची पारख करण्यास एक उत्तम कसोटी आहे. येशू ख्रिस्ताने सांगितलेली एक कथा सर्वांना ठाऊक आहे. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन तो उडवतो, डुकरे चारण्याची पाळी येते आणि शेवटी तो घरी परततो. ही कथा इंग्रजीत 'प्रॉडिगल' मुलाची, म्हणजे हाकून लावणाऱ्याची. मराठीत ती 'उधळ्या पुत्राचा दाखला' झाली आणि गुजरातीत तो 'उडाऊ दीकरो' झाला. पण मूळ कथा ग्रीक भाषेत लिहिली गेली आणि तेथे त्या मुलाच्या वागण्याला जो शब्द वापरला आहे तो 'आसोतोस' या विशेषणापासून बनलेला आहे. त्याचा सरळ अर्थ 'जो वाचू शकत नाही, ज्याचा बचाव नाही' असा होतो. त्या शब्दात ना फेकणे आहे, ना उडवणे. आहे तो केवळ बुडणारा माणूस. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात या शब्दाची फोड करताना म्हटले आहे की जगण्याचे साधनच जो नष्ट करतो तो एका अर्थाने स्वतःलाच नष्ट करीत असतो.

आणि येथे मराठी भाषा नकळत ग्रीकांच्या पंगतीला जाऊन बसते. आपण पैसे 'वाचवतो'. बुडणाऱ्या माणसालाही 'वाचवतो'. एकच क्रियापद! विहिरीतून मूल वाचवावे तसा आपण महिन्याच्या शेवटी रुपया वाचवतो. ज्या घरांत तो रुपया आणि ते मूल यांचे नाते फार जवळचे असते, त्या घरांतूनच हा शब्दप्रयोग आला असावा, अशी माझी समजूत आहे.

खर्चाला मराठीत आणखी एक जुना शब्द होता, आणि तो मागे पडला याची मला खंत वाटते. तो म्हणजे 'वेच'. तो व्ययापासूनच झाला. तुकोबांच्या अभंगांत धन मिळविण्याबरोबर त्याचा वेच कसा करावा हेही सांगितले आहे. आज 'वेचणे' म्हटले की फुले वेचणे, कापूस वेचणे, म्हणजे एकेक करून गोळा करणे आठवते. हा दुसऱ्या कुळातला शब्द. तथापि जुना अर्थ एका ठिकाणी अजून जिवंत आहे. एखाद्याने समाजासाठी आयुष्य वेचले असे आपण म्हणतो, तेव्हा ते खर्च केले असेच म्हणतो. गोळा करणे आणि देऊन टाकणे या दोन उलट क्रिया एकाच उच्चारात नांदत आहेत. मुद्दाम बनवायला गेले तर असा शब्द बनला नसता.

आता आमच्या सुरतेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. महाराष्ट्रात गुजराती माणूस म्हणजे हिशेबी, हात आखडून खर्च करणारा, असा एक सरसकट समज आहे. त्या समजाला सुरत हे खणखणीत उत्तर आहे. खुद्द गुजरातेत सुरतेच्या माणसाला 'लहेरी लाला' म्हणतात. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण मिळावे अशी येथील म्हण आहे. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडवा येतो. त्या रात्री सारे शहर तुपाने थबथबलेली घारी आणि तिखट भुसू घेऊन चांदण्यात जाऊन बसते. चांदणे फुकट असते, घारी नसते. आणि दोन्हींचा आस्वाद लोक सारख्याच सढळपणे घेतात. खरे सांगायचे तर खर्चाचा हा प्रकार मला उधळपट्टी वाटतच नाही. ज्याने वर्षभर धाग्याचा आणि खड्याचा हिशेब केला त्याने एका रात्री हिशेब मिटून ठेवला तर बिघडले कोठे?

उधळपट्टी पाहायची तर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज आणि डच कबरी पाहाव्यात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, त्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा बचाव करणारा जॉर्ज ऑक्झंडेन १६६९ साली येथेच वारला. त्याची आणि त्याच्या आधी वारलेल्या त्याच्या भावाची कबर घुमटाखाली आहे, आणि ती इतकी प्रशस्त आहे की त्या व्यापारी मंडळीला हयातीत एवढे दालन वाट्यास आले असेल की नाही, याची शंका यावी. जवळच डचांच्या दफनभूमीत व्हान रेडे याची कबर आहे, तीही तितकीच डौलदार. हा व्हान रेडे मोठा विद्वान. मलबारातील वनस्पतींवरील त्याचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध असून त्यात तीन कोकणी वैद्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले निवेदनही छापले आहे. परंतु १६९१ साली तो सुरतेकडे येत असता वाटेत जहाजावर वारला, तेव्हा त्याच्याकडे काम कोणते होते? आपल्या कंपनीच्या नोकरांचा भ्रष्टाचार मोडून काढण्याचे! गैरमार्गाने पैसा करणाऱ्यांवर अंकुश ठेवण्यास पाठविलेल्या अधिकाऱ्याला त्याच्या लोकांनी सुरतेतील एक अत्यंत खर्चीक कबर बांधून दिली. ॲरिस्टॉटलपाशी अशा खर्चालाही शब्द आहे. साध्या मित्रमंडळाच्या जेवणाला लग्नाच्या जेवणासारखा थाट करणारा माणूस तो उदाहरण म्हणून देतो, आणि म्हणतो की हा मनुष्य मोठेपणासाठी नव्हे तर दिसण्यासाठी खर्च करतो. आपण त्याला भपका म्हणतो. लग्नसराईत आमच्या भागातील रस्त्यांवर जे मांडव उभे राहतात, ते पाहताना मला तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रीक हटकून आठवतो.

सुरतेचा आणखी एक खर्चीक पुरुष म्हणजे कवी नर्मद. १८५८ साली त्याने शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवरच जगण्याची प्रतिज्ञा केली. कर्ज झाले तरी त्याने हात आखडला नाही. त्याने एकट्याने २५,०००हून अधिक शब्दांचा गुजराती कोश रचला आणि १८७३ साली तो 'नर्मकोश' पूर्ण प्रसिद्ध झाला. पैसा उधळणाऱ्या या माणसाने शब्द मात्र एखाद्या वाण्याने पै-पै जोडावी तसे जोडले. अखेरीस १८८२ साली त्याला पुन्हा नोकरी धरावी लागली, हेही सांगितले पाहिजे. आज दक्षिण गुजरातचे विद्यापीठ त्याचे नाव लावते.

परंतु या सगळ्यांपेक्षा माझे लक्ष अधिक गुंतते ते कंजुषांसाठी योजलेल्या शब्दांत. या बाबतीत सर्व भाषांची प्रतिभा जणू एकाच शाळेत शिकली आहे. मराठीत आपण अशा माणसाला चिकट किंवा चिक्कू म्हणतो, गुजराती 'चीकणो' म्हणतो. ॲरिस्टॉटल अशा लोकांची जी नावे देतो त्यांत एक 'ग्लिस्ख्रोस' आहे, आणि त्याचा मूळ अर्थ चिकट, डिंकासारखा! अथेन्सच्या लोकांनी आणि आपण एकमेकांना कधी विचारले नव्हते. पण हाताला चिकटून बसलेला पैसा दोघांनाही सारखाच दिसला. 'कृपण' या शब्दाची कथा त्याहून नवलाची. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ दीन, केविलवाणा असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळाच्या आशेने कर्म करणाऱ्यांना कृपण म्हटले आहे ते याच अर्थाने, आणि अर्जुन आपल्या ज्या कार्पण्याची कबुली देतो ते काही पैशाचे नव्हे. इंग्रजी 'मायझर' हा लॅटिन शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ दीन, दुःखी असाच. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन समाजांनी कंजुषाकडे पाहिले, आणि दोघांनाही आधी राग न येता कीव आली.

त्यानंतर मात्र थट्टा सुरू होते. मराठीत कवडीचुंबक म्हणजे कवडीचे चुंबन घेणारा. लोहचुंबक हाही त्याचाच भाऊ, तो लोखंडाला चुंबतो. विज्ञानाच्या पुस्तकात असा रसिक शब्द कोणी घातला कोण जाणे. हिंदी-गुजरातीत मख्खीचूस आहे, तुपात पडलेली माशी टाकण्यापूर्वी चोखून घेणारा. इंग्रजीत गारगोटीची कातडी सोलणारा आहे. आणि ग्रीकांत 'कुमिनोप्रिस्तेस' आहे, म्हणजे जिरे चिरणारा. जिऱ्याचा एक दाणा घ्यायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, अर्धा आजच्या आमटीत टाकायचा आणि अर्धा उद्यासाठी ठेवायचा! हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी मोठ्याने हसलो. ग्रीक माणसाच्या स्वयंपाकघरात जिरे होते, आणि त्या जिऱ्यावरून त्याने शेजाऱ्याला चिडविले, एवढ्या एका गोष्टीने तो मला आमच्या चाळीतला वाटू लागला.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने तीस स्वभावचित्रे लिहिली, आणि त्यांतील तीन निरनिराळ्या कंजुषांना दिली. एका कंजुषाच्या बायकोच्या हातून तांब्याचे क्षुल्लक नाणे पडते, तेव्हा तो घरातील पलंग, पेट्या आणि सारे सामान हलवून ते शोधतो. शेजारणीला मीठ, दिव्याची वात किंवा जिरे उसने देऊ नकोस, असे तो बायकोला बजावतो. कारण एवढे-एवढे म्हणता वर्षाकाठी पुष्कळ होते. दुसरा आपल्या मुलीच्या लग्नात वाढपी ठरविताना अट घालतो की जेवण त्यांनी आपल्या घरचे करावे. वाचताना हसू येते, नाही असे नाही. पण थोड्या वेळाने मनात विचार येतो की त्या घरात ते तांब्याचे नाणे खरोखरच महत्त्वाचे असेल तर? वर्षाकाठी पुष्कळ होते हे त्याचे गणित चुकीचे थोडेच आहे?

या शंकेचा उलगडा मला ग्रीक भाषेतच सापडला. औदार्याला ॲरिस्टॉटलचा शब्द आहे 'एलेउथेरिओतेस', आणि तो 'स्वतंत्र' या अर्थाच्या शब्दापासून बनला आहे. स्वतंत्र नागरिकाला शोभेल असे वागणे म्हणजे औदार्य. कंजुषपणाचा त्याचा शब्द याच्या उलट, म्हणजे स्वतंत्र माणसाला न शोभणारे, गुलामासारखे वागणे. आपणही सढळ हात, मोकळा हात म्हणतो. बांधलेल्या हाताने दान होत नाही हे खरेच. परंतु ज्या समाजात गुलाम होते त्या समाजात हे शब्द कोणी घडविले, याचा विचार केला पाहिजे. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या श्रमाने धान्य येत होते, त्याने जिरे चिरणाऱ्याला नाव ठेवले. जिरे चिरणाऱ्याने त्याला काय नाव ठेवले होते, ते कोणी लिहून ठेवले नाही.

काटकसरीकडे दुसऱ्या बाजूने पाहणारा एक कागद आपल्या इतिहासात आहे. सुरतेत शिवाजी महाराजांचे नाव दोन स्वाऱ्यांमुळे, १६६४ आणि १६७० च्या, निघते. पण १६७३ च्या मे महिन्यात त्यांनी चिपळूण भागातील आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना जे पत्र पाठविले त्याची आठवण येथे फारशी कोणी काढीत नाही. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे आणि गवत आताच मनास येईल तसे खर्चाल, तर पुढे ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. आणि मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरून धान्य, गवत, भाजी उचलू लागतील, असा त्याचा आशय आहे. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. ज्या राजाच्या हाती सुरतेची संपत्ती आली होती तो उंदराने नेलेल्या वातीची चिंता करतो. थिओफ्रास्टसचा कंजूषही दिव्याच्या वातीचीच चिंता करीत होता. वस्तू तीच, पण एकीच्या मागे स्वतःची पेटी आहे आणि दुसरीच्या मागे परक्याचे शेत.

हे सारे मी इतक्या तपशिलाने लिहीत बसलो, त्याला घरचे एक कारण आहे. माझे वडील खानदेशातून सुरतेस आले ते मागावर काम करण्यासाठी. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि आमच्या चाळीत ते चिक्कू म्हणून प्रसिद्ध होते. साबणाची झिजलेली चकती ते नव्या वडीला दाबून चिकटवीत. आलेल्या पत्रांची पाकिटे उसवून त्यांच्या आतल्या बाजूवर हिशेब लिहीत. आईच्या गोधड्या बाजारातून वजनावर आणलेल्या चिंध्यांच्या असत. त्या मात्र इतक्या सुरेख होत की शेजारणी मागून नेत. गणेशोत्सवाची वर्गणी ते दरवर्षी तेवढीच देत, एक रुपया अधिक नाही की उणा नाही. आत्या आली की दारातूनच विचारी, "काय दादा, आज तरी चहात साखर घालणार का?" आणि अण्णा हसत.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. कारखाने बंद पडले आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. आमच्या चाळीतील कित्येकांना गाडीभाड्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागले. अण्णांनी पत्र्याची पेटी उघडली, आणि आम्ही कोणाचे एक पैचे देणे न करता तापीकाठच्या लोहमार्गाने गावी गेलो. माग पुन्हा सुरू होईपर्यंत ती पेटी पुरली. त्या दिवशी 'वाचवणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मी एकदम शिकलो. म्हणून मी त्यांना काटकसरी म्हणतो, आणि दुसरा शब्द वापरू देत नाही.

माझी थोरली बहीण मात्र तोच दुसरा शब्द वापरते. तिच्या शाळेची सहल निघाली होती, वर्गातील बहुतेक मुली गेल्या, आणि अण्णांनी तिला पाठविले नाही. तिला चष्मा लागला तो शिक्षकांनी दोनदा चिठ्ठी पाठविल्यावर. ती म्हणते, "तुला पेटी आठवते, कारण ती तुझ्यासमोर उघडली. मला ती बंद असतानाची आठवते." तिच्या या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नाही. पेटी दोघांची एकच होती. आई या वादात कधी पडली नाही. ती एवढेच म्हणे की त्यांचा स्वभाव होता.

अण्णा गेल्यानंतर त्यांच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. त्यांत काटकसर नव्हती, चिक्कूपणा नव्हता, कसलेच विशेषण नव्हते. एका बाजूस जमा, एका बाजूस नावे, आणि त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एकेक रक्कम. एका पानावर बहिणीच्या नावापुढे 'सहल' असे लिहून पुढे रु. ६० मांडले होते. ते खोडले होते. खाली पुन्हा तेच लिहिले होते, आणि पुन्हा खोडले होते. त्याच्या खालच्या ओळीत त्या महिन्याचे घरभाडे होते.

ती वही बहीण मागून घेऊन गेली. कशासाठी, हे मी विचारले नाही.